कवीच्या बायकोचं पुढं काय झालं?

सिनेमा सुटायला दोन-चार मिनिटं उरली की मी ऑफिसातून उठायचो आणि बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. श्रीरामपूरच्या एका टॉकीजात मॅनेजर म्हणून माझी सगळी उमर गेली. मॅनेजर नेमकं करतो काय, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी सांगतो, दारात उभा राहतो. लोक हसतात. पण तिकिटं खिडकीवरचा माणूस फाडतो, मशीन ऑपरेटर चालवतो, अंधारात खुर्ची दाखवायला डोअरकीपर असतो. मॅनेजरच्या वाट्याला उरतं ते बाहेर पडणाऱ्या पब्लिकचं तोंड.

ते तोंड वाचणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग. संध्याकाळी वितरकाच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन यायचा. "काय म्हणतंय पब्लिक?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तरावर सिनेमा पुढच्या शुक्रवारी राहणार की जाणार हे ठरतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मॅनेजरला कुणी खरं मत सांगत नाही. पाहुण्याच्या घरी जेवल्यावर आमटी खारट झाली होती असं कोण सांगतं? तसंच हे. "चांगलाय" म्हणून माणूस स्वतःच्या चपलेकडं बघायला लागला की समजायचं, हा सिनेमा सोमवार पाहत नाही. "एकदा बघायला हरकत नाही" म्हणाला, तर तो घरी जाऊन दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही हे नक्की. खरं मत पडतं ते गाडी काढताना, स्टँडवर. म्हणून आमच्या स्टँडवाल्या रज्जाकभाईला मी रोज माझ्याबरोबर चहाला बसवायचो. त्याच्याकडून कळायचं ते खरं.

एकदा एक गृहस्थ इंटरव्हललाच माझ्याकडं आले. म्हणाले, "हिरो मेला म्हणायचा का? मेला असेल तर मी जातो, मला कांद्याला पाणी द्यायचंय." मी म्हटलं, शेवटपर्यंत जिवंत आहे. ते परत जाऊन बसले. शेवटी हिरो मेलाच. सुटताना माझ्याकडं असं बघून गेले, की त्यानंतर मी कुणालाही कथा सांगितली नाही.

पण ज्या एका सिनेमाबद्दल लिहायचं म्हणून बसलोय, तो माझ्या नोकरीच्या अगदी शेवटाला आला. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका कवीची ती प्रेमकथा होती. धोतर, काळा कोट, कंदील, नदीचा घाट. कवी गावातल्या कचेरीत कारकून असतो. मामलेदाराची शिकलेली मुलगी त्याच्या कविता वाचते, त्याला कवितेतच उत्तरं पाठवते. दोघं घाटावर भेटतात. कवीला घरी बायको असते. पुढं मुलीचं लग्न लांबच्या गावी होतं, कवीला क्षय होतो, आणि तो तिचं नाव घेत जातो. गाणी गोड होती. पुण्या-मुंबईकडं सिनेमाचं फार कौतुक चाललं होतं. आमच्याकडं तो चालेल अशी अपेक्षा नव्हती, पण टॉकीजचे मालक, आमचे शेठ, यांनी घेतला.

पहिल्या दिवशी कॉलेजातली पोरं-पोरी आली. पोरी रडत बाहेर पडल्या, पोरं त्यांच्याकडं बघत बाहेर पडली. एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घाटावरच्या प्रसंगात मागं विजेची तार दिसते आणि त्या काळी तिथं वीज नव्हती. राहात्याकडचे एक बागायतदार म्हणाले, "कवी कचेरीत कधी जाताना दिसला नाही राव. पगार कशाचा घेत होता?" रज्जाकभाईनं सांगितलं, की स्टँडवर एक माणूस बायकोला म्हणत होता, "माझ्यात काय कमी आहे सांग. मला फक्त यमक जुळवता येत नाही."

अशी मतं मी फोनवर सांगितली की पलीकडचा माणूस हसायचा. पण दुसऱ्या दिवसापासून एक वेगळंच मत कानावर यायला लागलं. ते मत नव्हतंच, प्रश्न होता. आणि तो फक्त बायका विचारत होत्या. खेड्यावरून आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका दाराशी थबकायच्या आणि मला, नाहीतर आपसात विचारायच्या, "त्या बायकोचं पुढं काय झालं?" कवी मेल्यावर सिनेमात मामलेदाराची मुलगी दिसते, घाट दिसतो, वाऱ्यावर उडणारे कागद दिसतात. बायको दिसत नाही. तिला सगळे मिळून तीन-चार प्रसंग होते. तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही सिनेमात.

मी हे फोनवर सांगितलं. वितरकाचा माणूस म्हणाला, "अहो, ते साइड कॅरेक्टर आहे. गाणी कशी चाललीत ते सांगा."

शनिवारी दुपारच्या खेळाला कोल्हारहून भानुदास गुरुजी आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम. ‘तीरवासी’ या नावानं कविता करायचे. मराठी सिनेमा लागला की यायचे, आणि आधी माझ्या ऑफिसात बसून एखादी नवी कविता म्हणून दाखवायचे. म्हणून झाली की चष्मा काढून विचारायचे, "कशी वाटली?" मी चांगली म्हणायचो. मला कवितेतलं फार कळत नाही. माणूस मात्र निर्मळ.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर पत्नी होत्या. कौसल्यावहिनी. बारीक चणीच्या, गप्प, तोंडात दात नव्हते म्हणून बोलताना पदर तोंडाशी धरणाऱ्या. सिनेमा सुटल्यावर गुरुजींचे डोळे लाल झाले होते. त्यांनी माझा हात धरला.

"साहेब, हा सिनेमा नाही, हे काव्य आहे! तो घाटावरचा निरोप बघितलात? मी हुंदके देत होतो हो. कवीचं काळीज काय असतं ते आज लोकांना कळेल."

ते बराच वेळ बोलत होते. वहिनी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत उभ्या होत्या. मी सवयीनं विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसा वाटला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "तिला काय, तिला सगळेच सिनेमे आवडतात." आणि दोघं एसटी गाठायला निघाले.

सोमवारी दुपारी मी ऑफिसात होतो. दाराशी वहिनी उभ्या. एकट्याच. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून एकट्यानं तालुक्याला येणाऱ्या बायका वाढल्यात, तेव्हा त्याचं नवल नव्हतं. कवळी बसवायला इथल्या दातांच्या डॉक्टरकडं त्यांच्या फेऱ्या चालू होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला आख्खा शिनेमा नको. ती चुलीपाशी बसलेली हाय न्हाई का, तेवढंच बघायचंय. किती वाजता येतं ते?"

इतक्या वर्षांत मला कुणी प्रसंगाची वेळ विचारली नव्हती. गाण्याची विचारतात, फायटिंगची विचारतात. मी म्हटलं, "इंटरव्हलनंतर थोड्या वेळानं. बसा तोवर इथं."

इंटरव्हल झाला. मी त्यांना मागच्या रांगेत बसवून आलो. थोड्याच वेळात त्या परत ऑफिसात आल्या.

"झालं?"

"झालं."

"काय आहे वहिनी त्या सीनमध्ये?"

"तुमी बघितला न्हाई व्हय शिनेमा?"

"बघितला की. पहिल्याच दिवशी."

"मग सांगा, चूल कशानं इझली?"

मला चूलच धड आठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "लाकडं ओली असतील."

त्या पदराआडून हसल्या. खरंच हसल्या. "आता नीट बघा," म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या खेळाला मी मुद्दाम आत जाऊन उभा राहिलो. प्रसंग असा होता. कवी घरी आलाय, खिडकीशी उभा राहून नवी कविता म्हणतोय. कॅमेरा सगळा त्याच्यावर. मागं अंधारात बायको चुलीपुढं बसून फुंकणीनं फुंकतेय. कवी दुसरी ओळ म्हणतो आणि ती फुंकायची थांबते. फुंकणी ओठाशी तशीच. तो म्हणत राहतो, ती बसून राहते. धूर वाढतो. कविता संपते, कवी वळतो आणि चिडून म्हणतो, "विझली बघ." पुन्हा घाट.

संपूर्ण सिनेमात तो तिच्याशी बोलतो ते एवढेच दोन शब्द. ती ऐकत होती म्हणून चूल विझली, हे त्याला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत दिवसाला चारदा ती चूल विझत होती.

बुधवारी वहिनी पुन्हा आल्या. त्यांना बघताच मी म्हणालो, "ती ऐकायला थांबली, वहिनी."

त्या खुर्चीवर बसल्या. "बघितलं न्हवं? मला वाटलं मलाच दिसतं का काय." मग बोलायला लागल्या. मी चहा मागवला होता, तो तसाच निवत राहिला.

"आमचे गुरुजी सैपाकघरातच कविता करत्यात. चकरा मारत्यात आन मोठ्यांदा म्हनत्यात. मी पाट्यावर वाटत आसले की हात थांबवायची. पाटा वाजला की नीट आयकू येत न्हाई. मिक्सर आला तवापून बटन बंद करती. त्यांना वाटतं, झालं हिचं वाटून. म्हनत्यात, आता चहा टाक."

"तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना?"

"काय सांगू? आयकत हुते म्हनून? त्यांनी पोस्टमनला ईचारलं, कशी झाली. दूधवाल्याला ईचारलं. तुमाला बी ईचारलं आसंल."

मी मान हलवली.

"मला एकदाबी न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस नाही पडला, एवढ्याच सुरात सांगितलं.

"आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"त्ये त्यांना सांगंन. तुमाला कशाला?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी मनातलं काढलं. गुरुजी कविसंमेलनाला संगमनेरला गेले होते, गुरुवारी संध्याकाळी परत येणार होते. शुक्रवारी डॉक्टर कवळी बसवून देणार होते. म्हणजे शुक्रवारी दात आलेले असतील, गुरुजी बरोबर असतील, दुपारच्या खेळाला येता येईल. तो प्रसंग आला की त्या गुरुजींचा हात धरून दाखवणार होत्या. मग घरी जाऊन बोलणार होत्या.

"शुक्रवारी हाय न्हवं शिनेमा?"

"आहे की. दुपारचा एक खेळ ठेवलाय दुसऱ्या आठवड्याला. कालच ठरलंय," मी म्हणालो. तसं ठरलंही होतं. गर्दी मोठी नव्हती, पण रोजची होती. मी वितरकाला गळ घातली होती आणि तो हो म्हणाला होता.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. एक मोठा हिंदी सिनेमा येत होता आणि त्याच्या कंपनीची अट होती, सगळे खेळ आम्हालाच पाहिजेत, नाहीतर एकही देणार नाही. मी म्हटलं, "अहो, बायका येतायत या सिनेमाला. परत परत येतायत. लोकांचं मत चांगलं आहे." तो म्हणाला, "मत चांगलं असेल हो. पण ते वरून ठरतं आता." शेठशी बोललो. शेठ म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, मला हिंदी सिनेमा सोडून चालेल?" चालणार नव्हतं. टॉकीज आधीच कशीबशी उभी होती. तेव्हा एवढी वर्षं मी संध्याकाळी फोनवर जे सांगत आलो, ते पलीकडं कुणी लिहून तरी घेत होतं का, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

वहिनींचा नंबर माझ्याकडं नव्हता. गुरुजींचा होता, तो लागला नाही.

शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास दोघं आले. वहिनी ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात, तोंडात नवी कवळी, त्यामुळं चेहरा थोडा परका वाटत होता. पदर तोंडाशी नव्हता. बाहेर हिंदी सिनेमाचं भलंमोठं पोस्टर लागलेलं, पोरांची झुंबड, ढोल आणलेला. त्या गर्दीत त्या पोस्टरकडं बघत थांबल्या. मी धावत गेलो.

"वहिनी, काढला हो सिनेमा. काल दुपारी कळलं. माझ्या हातात नव्हतं."

हे सांगायला सोपं वाटतं. पण माझ्या आत काय होत होतं ते दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला समजावं म्हणून थोडं सांगतो. पूर्वी सिनेमा पत्र्याच्या पेट्यांतून यायचा. गुरुवारचा शेवटचा खेळ झाला तरी पेट्या शुक्रवारच्या गाडीपर्यंत आमच्याकडंच पडून असायच्या. तेव्हा कुणी अडलंनडलं आलं असतं तर मी ऑपरेटरला सांगून सकाळी तेवढं एक रीळ चढवलं असतं. तसं मी केलंही आहे, एका नवरदेवाच्या हट्टापायी. आता सिनेमा तारेवरून, आकाशातून येतो. तो आमच्या मशीनमध्ये असतो, पण त्याची किल्ली कंपनीकडं. मुदत संपली की मशीन तो उघडत नाही. त्या शुक्रवारी तो प्रसंग वरच्या खोलीत, आमच्या डोक्यावर पंधरा-वीस पायऱ्यांवर पडलेला होता आणि मी तो दाखवू शकत नव्हतो.

गुरुजी मात्र मजेत होते. "काही बिघडत नाही साहेब. माझा बघून झालाय. हिचाच आग्रह, पुन्हा बघू, पुन्हा बघू. मी म्हटलं, बघा, आमच्या मंडळींना काव्याची गोडी लागली!"

मी दोघांना ऑफिसात बसवलं. मला वाटलं, आता वहिनी तोंडानंच सांगतील. मी म्हटलंसुद्धा, "वहिनी, तुम्हाला काय आवडलं त्यात, ते सांगा की गुरुजींना."

त्यांनी माझ्याकडं बघून बारीकशी मान हलवली. "दाखिवल्याबिगर कळायचं न्हाई," हळूच म्हणाल्या.

गुरुजींनी संगमनेरला म्हटलेली कविता शबनममधून काढली आणि मला म्हणून दाखवली. वहिनींनी चहाचा कप तोंडाशी नेला होता. कविता संपेपर्यंत त्यांनी घोट घेतला नाही. गुरुजींनी चष्मा काढला. "कशी वाटली?" मला विचारलं.

मी वहिनींच्या हातातल्या कपाकडं बघत होतो. ते म्हणाले, "विचार करताय, म्हणजे पोचली!" मग दोघं एसटीकडं गेले.

त्यानंतर दिवाळीच्या आसपास शेठनी टॉकीज बंद करायचं ठरवलं. हिंदी सिनेमानंही ती वाचली नाही. मी माझी आवराआवर करत होतो तेव्हा एक दिवस गुरुजी आले. झब्बा चुरगळलेला, दाढी वाढलेली. औषधं घ्यायला श्रीरामपूरला आले होते. वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. शब्द येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दातांच्या डॉक्टरांना सांगायला गेलो होतो," गुरुजी म्हणाले. "ते म्हणाले, बाई मला घाई करायच्या, लवकर सोडा, सिनेमा चुकेल. ती इथं यायची का हो? एकटी?"

"यायच्या. दोनदा आल्या."

"काय बघायला?"

मी तो चुलीचा प्रसंग सांगितला. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवून आठवून बघितलं.

"चूल? घाटावरचं आठवतं, तो पत्राचा प्रसंग आठवतो... चूल कुठं होती?" मग चाचरत म्हणाले, "त्याला बायको होती, नाही का? होती बहुतेक."

मला राग आला नाही. मलाही पहिल्या खेपेला कुठं दिसली होती?

"ती काय म्हणाली तुम्हाला?"

"ते मी इथं नाही सांगणार गुरुजी. वहिनींना विचारून सांगेन."

"ती कशी सांगणार आता?"

"मान हलवता येते ना?"

पुढच्याच एसटीनं मी त्यांच्याबरोबर कोल्हारला गेलो. घर पुलापासून जवळ. वहिनी पुढच्या खोलीत कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. कवळी काढून ठेवलेली. मला ओळखलं. डोळे एकदम हसले आणि लगेच भरले. मी कॉटशेजारी बसलो आणि विचारलं, "वहिनी, गुरुजी विचारतायत, तुम्ही मला काय सांगितलंत. सांगू का?"

त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग मान खाली-वर केली.

तेवढ्यात दाराशी ऐकत उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं तो सिनेमा मोबाईलवर आलाय म्हणून लावला. तिला वाटलं, बरं होईल. आम्ही तिघं त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकलो. प्रसंग आला. तो मुळात अंधारातला. मोबाईलवर कवीचा चेहरा तेवढा उजळ दिसला, मागं सगळं काळं. चूल म्हणजे एक लाल ठिपका. फुंकणी दिसलीच नाही. ठिपका विझला. "विझली बघ," कवी म्हणाला.

"थांबली का ती?" गुरुजींनी विचारलं. "मला तर काही दिसलं नाही."

वहिनींनी तोंड भिंतीकडं वळवलं. टॉकीजच्या पडद्यावर ती बाई चांगली दोन पुरुष उंच दिसायची. आयुष्यभर ज्या पडद्याची मी राखण केली, तो कशासाठी असतो हे मला त्या खोलीत कळलं. तोवर आमच्या टॉकीजला टाळं लागायचं ठरलं होतं.

मग मी तोंडानंच सांगितलं. ती ऐकायला थांबली म्हणून चूल विझली. आणि तुम्ही सैपाकघरात कविता म्हणायचात, तेव्हा या वाटायच्या थांबायच्या. मिक्सर बंद करायच्या. त्यांचं वाटून झालेलं नसायचं. गुरुजी, त्या ऐकत होत्या. तुम्ही पोस्टमनला विचारलंत, मला विचारलंत, त्यांना विचारलं नाहीत.

 गुरुजी उठले, कॉटच्या कडेला जाऊन बसले. त्यांनी वहिनींचा डावा, चांगला हात हातात घेतला.

"मग, कशा होत्या गं?"

वहिनींनी मान आडवी हलवली. नाही.

"चांगल्या नव्हत्या?"

पुन्हा आडवी.

"चांगल्या होत्या?"

पुन्हा आडवीच. आणि डोळ्यांत असं काही, की बघवेना. गुरुजींनी शिक्षकाच्या सवयीनं एकेक पर्याय विचारून पाहिला. वाचून दाखवू का? आता नको का? कुठली एखादी आवडली होती? कुठली आवडली नव्हती? त्या डाव्या हातानं हवेत काहीतरी करत होत्या, घशातून आवाज येत होता, पण त्याचा शब्द होत नव्हता. त्यांना जे म्हणायचं होतं ते हो आणि नाही यांत बसणारं नव्हतं. सगळ्या संसाराचं मत होतं ते. मला एकदा ऐकायची संधी होती, पण ‘त्ये त्यांना सांगंन’ म्हणून त्यांनी राखून ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. ज्याचं त्याला सांगायला हवं होतं. आणखी एक शुक्रवार मिळायला हवा होता.

शेवटी थकून त्यांनी डोळे मिटले. गुरुजी मला सोडायला फाट्यापर्यंत आले. वाटेत एकच बोलले, "साहेब, मला वाटायचं, ती कामात असते."

त्यानंतर गुरुजी रोज दुपारी वहिनींना आपली एकेक कविता वाचून दाखवायला लागले. मला फोनवर सांगायचे, "आजही मान आडवीच. एकही पास होत नाही." हसायचे, पण आवाज बसलेला असायचा. मी म्हणायचो, वाचत राहा.

थंडी सरता सरता एका दुपारी त्यांचा फोन आला. आधी कळेना, रडतायत की हसतायत.

"बोलली! साहेब, ती बोलली! मी वाचत होतो, मध्येच म्हणाली, 'पुरे.' स्वच्छ म्हणाली हो! 'पुरे!'"

"मग?"

"मग काय, थांबलो. वही मिटली आणि म्हटलं, बरं, आता तू बोल. तेव्हापासून मी वाचत नाही काही. दुपारी नुसता बसतो तिच्यापाशी."

परवा मी पुन्हा फोन केला होता. दुसरा शब्द अजून आलेला नाही. गुरुजी म्हणाले, "घाई नाही," आणि फोन लवकर ठेवला. बोलण्यात वेळ जायला नको होता त्यांना. ती त्यांची तिच्यापाशी बसायची वेळ होती.